फिलाडेल्फियात होगी (लांब पावाचं सँडविच) शॉपमध्ये काम करायचंय? हे आधी वाचा

आधी कागदांचं बघा. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर बाहेरच्या दुकानात असं काम चालत नाही, सेमिस्टर सुरू असताना फक्त कॅम्पसवर आणि तेही आठवड्याला २० तास, त्यामुळे कोणी "कॅश देतो, कुणाला कळत नाही" म्हणालं तर सरळ निघा तिथून. माझ्याकडे वर्क परमिट होतं म्हणून साऊथ फिलीतल्या एका इटालियन-अमेरिकन दुकानात काउंटरला लागलो.

पोर्कला हात लावणार की नाही ते इंटरव्ह्यूलाच सांगून टाका. इटालियन होगी म्हणजे (इथे सब सँडविचला होगीच म्हणतात) हॅम, सलामी, कॅपिकोला, सोप्रेसाटा, सगळा पोर्कचाच कारभार, आणि पहिल्याच दिवशी तेच हातात येतं.

खरं शिकायचं ते स्लायसरवर, म्हणजे मीट कापायच्या मशीनवर. १८ वर्षांखालच्यांना फेडरल कायद्याने त्याला हात लावायची बंदी आहे, यावरून काय ते समजा. मीट इतकं पातळ कापायचं की आरपार दिसेल, आणि ते पोळीसारखं सपाट पसरायचं नाही, सैल चुण्या घालून ठेवायचं, म्हणजे मध्ये हवा राहते, तेल-व्हिनेगर आत उतरतं आणि चावायला मऊ लागतं. पुसायच्या आधी जाडीचा नॉब शून्यावर, प्लग काढलेला, हातात कट-प्रूफ ग्लोव्ह. कितीही घाई असो, यात शॉर्टकट नाही म्हणजे नाही.

साडेअकरा ते दीडची गर्दी म्हणजे नुसता कल्ला, आपल्याला वाटतं भांडण पेटलं पण ते फक्त ऑर्डर सांगत असतात. "शार्प की माइल्ड" हे प्रोवोलोन चीजबद्दल, "स्वीट की हॉट" हे पेपर्स म्हणजे मिरच्यांबद्दल, "एटी-सिक्स" म्हणजे तो माल संपला, आणि कुणी गिऱ्हाईक "गाबागूल" म्हणालं तर गोंधळू नका, त्याला कॅपिकोलाच हवंय. "एव्हरीथिंग" (म्हणजे सगळं घालून) मागितलं तर त्यात काय काय येतं ते मात्र दुकानागणिक बदलतं, पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

पैशांचं म्हणाल तर फेडरल किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच अडकलंय, त्यामुळे बोलताना लाजू नका, आणि टिप जारचे पैसे कसे वाटतात तेही विचारा, कारण त्यात मालक-मॅनेजरने वाटा घ्यायला कायद्याने मनाई आहे. आणि बूट नॉन-स्लिपच घ्या, काउंटरमागे फरशीवर तेल सांडलेलं असतंच.