आयपीए चाखताना आणि तिला गुण देताना या चुका टाळा

फ्रिजमधून काढलेली इंडिया पेल एल (आयपीए, हॉप्सचा ठसा असलेली कडवट बिअर) लगेच ओतायची आणि पहिल्याच घोटाला ‘नुसती कडू’ असा शेरा मारायचा, ही सर्रास दिसणारी चूक आहे. फार थंड बिअरमध्ये हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, सुगंध दबून राहतो आणि जिभेला कडवटपणाच तेवढा जाणवतो. तीच बिअर ७ ते १० अंश सेल्सिअसपर्यंत येऊ दिली, तर कॅस्केड हॉप्सचा पपनसाच्या सालीसारखा किंवा सिट्राचा पिकलेल्या आंब्यासारखा वास उलगडू लागतो. म्हणून घोट घेण्याआधी हुंगावे. बिअर परीक्षकांना प्रमाणित करणाऱ्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या ५० गुणांच्या तक्त्यात चवीला २० आणि सुगंधाला १२ गुण आहेत, तर रूपाला अवघे ३. तेव्हा फेसावर भाळून गुण उधळू नयेत.

कडवटपणा हा मुळात दोष नाही. अमेरिकन आयपीएत तो ४० ते ७० आयबीयू (कडवटपणा मोजण्याचे एकक) अपेक्षितच असतो. तसेच हेझी आयपीए (मुळातच धूसर असणारा प्रकार) गढूळ दिसते म्हणून गुण कापणे अन्यायाचे आहे.

चखण्याबाबत मात्र मी हट्टी आहे. तिखट शेव किंवा मसाला शेंगदाणे खात दिलेले गुण मी ग्राह्य धरत नाही, कारण मिरचीची जळजळ, अल्कोहोल आणि हॉप्सचा कडवटपणा एकमेकांना चढवतात आणि माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा त्यात हरवतो. साधा पाव आणि पाणी पुरे. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले, तर तो नीट धुतलेला नाही असे समजावे.

वास खटकला, तर कारण शोधावे. पुठ्ठ्यासारखा वास आणि मधासारखा गोडवा ही ऑक्सिडेशनची, म्हणजे ऑक्सिजनमुळे बिअर शिळी झाल्याची, खूण आहे; लोणचे मुरते तशी आयपीए मुरत नाही, त्यामुळे भरल्याची तारीख आधी पाहावी. हिरव्या बाटलीवर प्रकाश पडला की उग्र दर्प येतो. इंग्रजी पुस्तके त्याला स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याची उपमा देतात; तो प्राणी आपल्याकडे नसल्याने ती उपमा आपल्या फारशी कामाची नाही. लोण्याचा वास डायसेटिलचा (आंबवताना तयार होणाऱ्या एका संयुगाचा) असतो, आणि आयपीएत तो कधीकधी ड्राय हॉपिंगनंतर, म्हणजे उकळण्याऐवजी नंतर थंड बिअरमध्ये हॉप्स घातल्यावर, उद्भवतो: हॉप्समधील विकरे उरलेल्या डेक्स्ट्रिनचे (यीस्टला न पचणाऱ्या पिष्टाच्या तुकड्यांचे) साखरेत रूपांतर करतात, यीस्ट पुन्हा कामाला लागते, आणि त्या फेरीत तयार झालेले डायसेटिल यीस्टने शोषून घेण्याआधीच बिअर थंड करून भरली गेली, तर लोणी बाटलीतच राहते.

असा दोष आढळल्यास गुण लिहिण्याची घाई करू नये. त्याच तारखेची बाटली दुसऱ्या दुकानातून आणून उघडावी. ती स्वच्छ निघाली, तर पहिल्या बाटलीचा दोष बहुधा साठवणुकीचा असतो आणि ब्रुअरीचे गुण दुसऱ्या बाटलीवरून ठरवावेत.