ताबा लांबलाय आणि साइटवर काम बंद आहे: घर मिळेपर्यंतची तयारी

राहतं घर सोडण्याची तारीख घरमालकाला अजून कळवली नसेल, तर कळवू नका. कळवली असेल तर आजच जाऊन बोला. सार्वजनिक योजनेतलं घर नावावर लागलेलं असतं, इमारत डोळ्यांसमोर उभी असते, फरशा आणि रंग तेवढे उरलेले असतात आणि नेमकं तेव्हा मजूर काम थांबवतात. बहुतेक कुटुंबं आठवडाभरात मिटेल या भरवशावर राहतात आणि तेवढ्यात त्यांच्या जुन्या घरात दुसरा भाडेकरू ठरतो. म्हणून मुदत महिन्या-महिन्यानं वाढवता येईल असं लेखी ठरवा. लांब मुदतीचा करार करावाच लागला, तर आधी सूचना देऊन मधेच सोडता येईल अशी ओळ त्यात घालून घ्या.

मग वाटपपत्र आणि करार बाहेर काढा. ताब्याची तारीख ठाम दिली आहे की 'अंदाजे', मुदतवाढ कोणत्या कारणांसाठी मिळते आणि उशीर झाला तर भरपाई काय, एवढ्या ओळी पेन्सिलीनं अधोरेखित करा. संपाचा उल्लेख असेल तर तो शब्दन् शब्द वाचा. 'संप झाला, आमच्या हातात काही नव्हतं' हे उत्तर तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल आणि ते दर वेळी खरं असेलच असं नाही. सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे, म्हणजे फिडिकचे, करारनमुने अनेक देशांतल्या मोठ्या बांधकामांत वापरतात. त्यांच्या 1999 च्या नमुन्यात आवाक्याबाहेरच्या घटनांमध्ये संप धरलेला आहे, पण कंत्राटदाराच्या किंवा उपकंत्राटदाराच्या स्वतःच्या माणसांनी केलेला संप त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. बंदरावरच्या संपामुळे लिफ्टचे भाग अडकले तर गोष्ट वेगळी. आपल्याच मजुरांची मजुरी थकवल्यामुळे काम बंद पडलं तर वेगळी. तुमच्या इमारतीचा करार कोणत्या नमुन्यावर आहे आणि कंत्राटदाराला मुदतवाढ दिली असेल तर कोणत्या कलमाखाली, हे घरं बांधून देणाऱ्या सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेला लेखी विचारा आणि पोच घ्या.

वाद कशाचा आहे हे समजून घेण्यात एक पूर्ण दिवस गेला तरी चालेल. सगळ्या तयारीत मला हेच काम सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सार्वजनिक बांधकामात पैसा वरून खाली येतो: संस्थेकडून मुख्य कंत्राटदाराकडे, तिथून उपकंत्राटदाराकडे, मग मुकादमाकडे आणि शेवटी गवंड्याच्या, सेंटरिंगवाल्याच्या, बिगाऱ्याच्या हातात. वरचं एक बिल अडकलं की खालच्या माणसाचा महिना कोरडा जातो, आणि काम थांबवण्यापलीकडे त्याच्याकडे दुसरं साधन नसतं. कधी वाद दराचा असतो, कधी जादा तासांचा, कधी परांचीवरून कोणी पडल्यानंतर सुरक्षेचा. आठ तासांचा दिवससुद्धा मेलबर्नच्या पाथरवटांनी 1856 मध्ये बांधकामावरचं काम सोडून, मोर्चा काढून मिळवला होता. त्यामुळे कामगारांना शत्रू समजून तयारीला लागू नका. चार-पाच जणांनी मिळून त्यांच्या संघटनेला भेटा, मागण्यांची प्रत मागा आणि शेवटची मजुरी कधी मिळाली ते विचारा.

हे कळलं की संस्थेला विचारायचा खरा प्रश्न हाती येतो. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कंत्राटांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 94 क्रमांकाचा करार 1949 पासून आहे. त्या भागात त्या कामाला जी मजुरी आणि ज्या अटी लागू आहेत, त्यांपेक्षा कमी काही देता येणार नाही, असं कलम कंत्राटात असावं, असं तो सांगतो. मजुरी बुडत असेल तर कंत्राटदाराचं देणं रोखून किंवा अन्य मार्गानं ती कामगारांना मिळवून द्यावी, हेही त्यात आहे. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, पण असं कलम आपल्या कंत्राटात आहे का आणि असेल तर ते वापरलं का, हे विचारण्याचा हक्क ज्याचं घर अडलंय त्याला आहेच. थकीत मजुरी संस्थेनं थेट चुकती केली आणि कंत्राटदाराच्या बिलातून वळती केली, तर पुष्कळ वाद लवकर सुटू शकतात. 'दुसरे मजूर आणून उरकून टाका' अशी मागणी मात्र करू नका. घाईत आणलेल्या अनोळखी टोळीनं केलेलं न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग पुढे वर्षानुवर्षं तुमच्याच छतातून गळतं.

पैशांचं थोडक्यात सांगते. कर्जाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांना जोडलेले असतील, तर टप्पा खरोखर पूर्ण झाल्याशिवाय पुढची रक्कम सोडू नका, असं बँकेला लेखी कळवा. मंजुरीची मुदत कधी संपते तेही विचारून ठेवा. मापाची कपाटं आणि स्वयंपाकघराचे ओटे आत्ता बनवायला टाकू नका. भाडं, सामान ठेवण्याचा खर्च, जादा प्रवास यांच्या पावत्या एका पाकिटात तारखेनुसार ठेवा; भरपाई मागायची वेळ आली तर तोंडी हिशोब कामाला येत नाही.

मुलांची शाळा पत्ता बदलेपर्यंत बदलू नका. घरात अंथरुणाला खिळलेलं, चाकाच्या खुर्चीवरचं किंवा गरोदर कोणी असेल, तर तात्पुरत्या निवाऱ्यासाठी वेगळा अर्ज करा आणि डॉक्टरांचा कागद जोडा. असा अर्ज सगळ्यांच्या सामूहिक निवेदनात घातला तर हरवून जातो.

समेट झाल्याची बातमी आली तरी सामान बांधू नका. थांबलेली साइट दुसऱ्या दिवशी होती तिथून पुढे सरकत नाही. पांगलेली माणसं परत यायला वेळ लागतो. उघड्या राहिलेल्या सळया गंजतात, त्या घासून तपासाव्या लागतात. 3 महिन्यांहून अधिक पडून राहिलेलं सिमेंट पुन्हा चाचणी केल्याशिवाय वापरू नये. नव्या काँक्रीटची ताकद 28 दिवसांच्या हिशोबानं मोजतात आणि सुरुवातीचे निदान 7 दिवस त्याला पाणी मारावंच लागतं. इथे कोणाच्या घाईला जागा नाही. गच्ची अर्धवट असताना पाऊस झाला असेल तर ओल कुठवर उतरली ते पाहावं लागतं. नळात साचून राहिलेलं पाणी वापरापूर्वी पूर्ण सोडून द्यावं लागतं आणि बंद लिफ्टची तपासणी नव्यानं करावी लागते. म्हणून काम सुरू होण्याआधी इमारतीच्या अवस्थेचा लेखी अहवाल मागा. नुसती ताब्याची तारीख विचारू नका. प्लास्टर कधी, वीजजोडणी कधी, लिफ्टचा दाखला कधी, असं टप्प्यानं विचारा. एक टप्पा चुकला की पुढची तारीख किती सरकेल हे तुम्हाला स्वतःलाच कळेल.

हे सगळं एकट्यानं होत नाही. मजल्यागणिक एक माणूस ठरवा आणि एक वही ठेवा: कोण, कधी, काय म्हणालं. लेखी नसलेली बातमी त्या वहीत 'ऐकीव' म्हणूनच लिहा. संपाच्या दिवसांत अफवा रोज नवी येते आणि म्हातारी माणसं तिच्यावर आशा लावून बसतात, याचं फार वाईट वाटतं.

शेवटी किल्ली घेण्याचा दिवस. त्या दिवशी तिथे अर्धवट घर आणि 'कोणतीही तक्रार नाही' असा छापील कागद एकत्र पुढे येण्याची शक्यता असते. इमारत राहण्यायोग्य असल्याचा अधिकृत दाखला आधी हातात घ्या. मग प्रत्येक नळ सोडा, न्हाणीघरात पाणी साठवून ठेवा, खालच्या घरात जाऊन छत पाहा, दारं-खिडक्या लावून बघा. उरलेल्या कामांची यादी त्याच कागदावर लिहा, प्रत्येकापुढे पूर्ण होण्याची तारीख घाला आणि समोरच्या अधिकाऱ्याची सही झाल्यावरच आपली सही करा.