ब्लॉक बिल्डिंग शिकताय पण टाइम खालीच येत नाही? या चुका टाळा

रुबिक क्यूब सोडवायचा नेहमीचा रस्ता असा, आधी क्रॉस (एका बाजूचे चार एज, म्हणजे दोन रंगांचे तुकडे), मग चार पेअर (एक कॉर्नर, म्हणजे तीन रंगांचा तुकडा, आणि त्याच्या शेजारचा एज), मग ओएलएल-पीएलएल (वरच्या लेयरचे तुकडे आधी वर तोंड करून घ्यायचे, मग जागेवर न्यायचे). या रस्त्याने 20-25 सेकंदांपर्यंत आलेली बरीच मंडळी कधीतरी रू किंवा पेट्रस या ब्लॉक बिल्डिंगच्या, म्हणजे तुकडे एकमेकांना जोडून ठोकळे वाढवायच्या, मेथडकडे वळतात, कारण मूव्ह कमी लागतात असं ऐकलेलं असतं, मग आठवडाभर ट्राय करतात, टाइम 40 च्या पुढे जातो आणि गाडी परत क्रॉसवर. मीही एकदा असंच मधे सोडून दिलं होतं. परत सुरू केलं तेव्हा कळलं की अल्गो (मूव्हचे ठरलेले क्रम) पाठ नसणं हा प्रॉब्लेमच नव्हता, माझे डोळे अजून क्रॉसच्या सवयीनेच क्यूब बघत होते. ब्लॉक बिल्डिंगमधली सगळी कमाई मोकळेपणात आहे, जे अजून पक्कं करायची गरज नाही ते सुटं राहू द्यायचं, आणि आपण नेमकं तेच घाईघाईने पक्कं करून टाकतो. खालच्या बहुतेक चुका फिरून इथेच येतात.

ज्यांना नुसती नावं माहीत आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रान्सच्या जिल रूची मेथड 2003 ची. डावीकडे 1×2×3 चा ब्लॉक, मग उजवीकडे तसाच दुसरा, मग वरचे चार कॉर्नर एका अल्गोने (याला सीएमएलएल म्हणतात, 42 केसेस), आणि शेवटी उरलेले सहा एज फक्त एम (मधली उभी पट्टी) आणि यू (वरची लेयर) मूव्हने. स्वीडनच्या लार्स पेट्रसची मेथड त्याच्या कितीतरी आधीची, त्यात आधी 2×2×2, तो वाढवून 2×2×3, मग चुकीच्या बाजूने बसलेले एज नीट करायचे आणि मग बाकीचं. पेट्रसचा मुद्दा साधा होता, आधी पूर्ण लेयर लावली की पुढे प्रत्येक वेळी ती मोडून परत जोडावी लागते, मग लावायचीच कशाला.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे पीस "त्याच्या जागेवर" बसवायला जाणं. क्रॉसमध्ये आपण हेच शिकलेलो असतो, पिवळा-नारंगी एज इथे, पिवळा-हिरवा तिथे. ब्लॉकमध्ये पीसची जागा महत्त्वाची नसते, शेजार महत्त्वाचा असतो. समजा पिवळं खाली ठेवून डावीकडे नारंगी ब्लॉक करायचाय. पिवळा-नारंगी एज खाली-डावीकडेच गेला पाहिजे असं काही नाही, तो नारंगी सेंटरला (बाजूच्या मधोमध असलेल्या तुकड्याला) चारपैकी कुठल्याही बाजूने चिकटला आणि नारंगी स्टिकर नारंगीला लागला की काम झालं, नंतर डावी बाजू फिरवली की तो आपोआप खाली येतो. सेंटर स्वतःभोवती फिरला तर त्याला काहीच फरक पडत नाही ना. हे एकदा डोक्यात बसलं की एकाच पीससाठी चार रस्ते दिसायला लागतात, आणि त्यातला एक बहुतेक वेळा फुकटात पुढच्या पीसलाही जोडून देतो.

याच चुकीची सख्खी बहीण म्हणजे तयार जोड्या न बघणं. स्क्रॅम्बलमध्ये (विस्कटलेल्या क्यूबमध्ये) बऱ्याचदा पिवळा-नारंगी-निळा कॉर्नर आणि निळा-नारंगी एज आधीच रंगाला रंग लावून शेजारी बसलेले असतात. आपण मात्र "आधी खालचा एज" या नियमाने चालतो आणि तिसऱ्या मूव्हला ती जोडी तुटते. इन्स्पेक्शनमध्ये (सॉल्व्ह सुरू करायच्या आधी क्यूब बघायच्या वेळात) पहिली नजर अशा जोड्यांवर टाका. पहिल्या ब्लॉकचा सोपा हिशोब असा, आधी एक चौकोन म्हणजे सेंटर, दोन एज आणि त्यांच्या मधला कॉर्नर, आणि मग उरलेली एक जोडी, एक कॉर्नर एक एज. चौकोन पुढचा करायचा का मागचा हे आधीपासून ठरवून ठेवू नका, स्क्रॅम्बल बघून ठरवा. सराव चांगला झाला की अख्खा पहिला ब्लॉक साधारण 8-9 मूव्हमध्ये होतो. तुम्हाला रोज 14-15 लागत असतील तर हात कितीही फास्ट करा, टाइम फार हलणार नाही.

इन्स्पेक्शनचंच बोलायचं तर स्पर्धेत 15 सेकंद मिळतात, जज 8 ला आणि 12 ला आवाज देतो, 15 च्या पुढे गेलात तर +2 (दोन सेकंदांचा दंड) आणि 17 च्या पुढे डीएनएफ (सॉल्व्ह बाद). बरेच जण यातली पाच-सहा सेकंद कुठला रंग घ्यायचा यातच घालवतात. सुरुवातीला सहाही रंगांच्या मागे लागू नका प्लीज. खाली पांढरा किंवा पिवळा एवढंच ठरवा, काही महिने एकच ब्लॉक घ्या, मग हळूहळू चारही बाजूंचे ब्लॉक बघायला लागा. आणि पूर्ण ब्लॉक प्लॅन होत नाही म्हणून निराश होऊ नका, आधी चौकोन डोळे मिटून करता आला पाहिजे, मग चौकोन आणि जोडी, मग ब्लॉक झाल्यावर उजवीकडचा खालचा एज कुठे पोचेल तेवढं ट्रॅक करा. हा शेवटचा टप्पा जमला की पहिल्या आणि दुसऱ्या ब्लॉकच्या मधे जो पॉज येतो तो जवळजवळ जातो.

आता दुसरा ब्लॉक, इथे मी सगळ्यात जास्त अडकले होते म्हणून जरा सविस्तर. डावा ब्लॉक झालाय, आता आर (उजवी बाजू), वाइड आर (उजवी बाजू मधल्या पट्टीसकट), एम आणि यू एवढ्याच मूव्ह मोकळ्या आहेत, यातली एकही डाव्या ब्लॉकला हात लावत नाही. सवयीने मात्र एफ मूव्ह (समोरची बाजू) येते, किंवा क्यूबच फिरवला जातो. एफ केलं की डाव्या ब्लॉकचा पुढचा भाग तुटतो, मग तो परत आणायला आणखी मूव्ह. क्यूब फिरवला तर ब्लॉक समोर किंवा मागे जातो आणि सगळी दिशाच हरवते.

एक उदाहरण हातात क्यूब घेऊन करून बघा. पिवळं खाली, उजवीकडे लाल, म्हणजे खाली-उजवीकडे पिवळा-लाल एज हवाय. तो वर समोर आहे आणि पिवळा वर तोंड करून आहे, तर सोपं, यू प्राइम (प्राइम म्हणजे उलट दिशेने), आर 2 (2 म्हणजे अर्धा फेरा), झालं. पण तोच एज उलटा असला, म्हणजे पिवळा समोर आणि लाल वर, तर नवीन माणूस इथे थबकतो आणि एफ वापरून एज पलटवायला जातो. गरजच नाही. एम प्राइम करा, म्हणजे मधली पट्टी समोरून वर ढकला, एज मागे जातो आणि पिवळा वर येतो, मग यू, मग आर 2. तीन मूव्ह. पट्टी हलली म्हणून मधले सेंटर हलले, हो हलले, हलू द्या. रूमध्ये वरचा, खालचा, समोरचा आणि मागचा हे चारही सेंटर शेवटपर्यंत सुटे असतात आणि ते सारखे सरळ करत बसणं ही स्वतंत्र मोठी चूक आहे. दोन-तीन एम मूव्ह अशाच वाया जातात, तेही प्रत्येक सॉल्व्हला.

वाइड आरचंही तेच. आर आणि एम प्राइम लागोपाठ येत असतील तर ती एकच मूव्ह आहे, वाइड आर. तुमचे दुसऱ्या ब्लॉकचे सोल्युशन लिहून काढा आणि अशी जोडी किती वेळा येते ते बघा, माझ्याकडे जवळपास प्रत्येक सॉल्व्हला एकदा तरी यायची.

दुसऱ्या ब्लॉकमध्ये मागचा चौकोन आधी केला तर पुढची जागा डोळ्यासमोर मोकळी राहते, त्यामुळे बरेच जण तसंच करतात आणि सल्ला चांगलाच आहे. पण पुढची जोडी तयार होऊन समोर दिसत असताना ती तोडून मागचा चौकोन शोधत बसू नका.

सीएमएलएलवर फार बोलत नाही. 42 अल्गो एकदम पाठ करायच्या नादात ब्लॉकचा सराव थांबतो, त्यापेक्षा दोन टप्प्यांत करा, आधी कॉर्नर वर तोंड करून घ्या मग जागा बदला, 15 सेकंदांपर्यंत तरी हे पुरतं. एवढंच लक्षात ठेवा की या अल्गोमध्ये वरचे एज आणि मधली पट्टी कशीही झाली तरी चालते. पीएलएलची सवय असलेले लोक एज पण सांभाळणारा लांब अल्गो वापरतात, तो बदला.

शेवटचे सहा एज. इथे अडकणारे बहुतेक जण चांगला एज आणि वाईट एज ओळखताना चुकतात. नियम असा, वर-खाली पांढरा आणि पिवळा सेंटर असताना, एजच्या वरच्या किंवा खालच्या बाजूला पांढरा किंवा पिवळा दिसला तर तो एज चांगला, दुसरा रंग दिसला तर वाईट. सेंटर अर्धवट फिरलेला असताना, म्हणजे वर हिरवा किंवा निळा असताना, मोजलंत तर सगळं उलटंसुलटं दिसतं, तेव्हा आधी एक एम करून सेंटर नीट करा आणि मग मोजा. (इथे मात्र सेंटर सरळ करणं बरोबर आहे, वर जे म्हटलं ते ब्लॉकपुरतं. पुढे सराव झाला की वाकड्या सेंटरवरही मोजता येतं.)

आणि एक चेक कायम वापरा, वाईट एजचा आकडा नेहमी सम येतो, 0, 2, 4 किंवा 6. तुम्हाला 3 किंवा 5 दिसले तर एक एज बघायचा राहिलाय, बहुतेक खाली मागचा, कारण तो दिसतच नाही.

चार वाईट एजची सगळ्यात आवडती केस म्हणजे बाण. वर डावा, उजवा आणि समोरचा, आणि खाली समोरचा, हे चार वाईट असतील तर एम प्राइम, यू, एम प्राइम, तीन मूव्हमध्ये सहाही एज चांगले. त्यामुळे बाकीच्या केसेस पाठ करायच्या आधी "मी बाणापर्यंत कसा पोचतो" असा विचार करायला शिका, बरीच पाठांतरं वाचतात.

एम मूव्ह अंगठ्याने किंवा अख्खा हात फिरवून होत असेल तर तिथेही वेळ जातो. एम प्राइम अनामिकेने मागून ढकलायची, एम 2 असेल तर अनामिका आणि लगेच मधलं बोट. पहिले काही दिवस बोट दुखतं आणि पट्टी अडकते. क्यूब फार घट्ट असेल तर टेन्शन थोडं सैल करा, पण फार सैल नको, नाहीतर कॉर्नर स्वतःच फिरतात. शेवटी एकच कॉर्नर वाकडा दिसला आणि बाकी सगळं बरोबर असलं तर तुमचं काही चुकलेलं नाही, मूव्हने एकटा कॉर्नर कधीच फिरत नाही, तो सॉल्व्ह करताना बोटाने वळला गेलाय. हाताने परत वळवा आणि पुढे चला. दोनच एज अदलाबदल दिसत असतील तर मात्र घाबरायच्या आधी वरची लेयर आणि मधली पट्टी बघा, दोन्हींपैकी एक पाव फेरा मागे-पुढे असते बऱ्याचदा. तसं नसेल तर क्यूब कधीतरी सुटा होऊन चुकीचा जोडला गेलाय.

पेट्रसवाल्यांसाठी एकच गोष्ट, पण महत्त्वाची. 2×2×2 झाला की लोक एकाच दिशेला तो वाढवतात, जी दिशा पहिल्या दिवशी शिकले ती. तो तीन दिशांनी वाढू शकतो आणि तिन्ही बघायला सुरुवातीला दोन-तीन सेकंद जास्त लागले तरी चालतील, कारण एका दिशेला 9 मूव्ह लागतात तिथे दुसरीकडे 4 मध्ये काम होतं असं सारखं दिसतं. आणि क्रॉस न सोडता फक्त एक्सक्रॉस (क्रॉससोबतच पहिली पेअर) शिकायचा असेल तरी हाच सराव उपयोगी आहे, 2×2×2 करून त्याला क्रॉसचे उरलेले दोन एज जोडायचे. फक्त प्रत्येक स्क्रॅम्बलला एक्सक्रॉस ओढूनताणून काढू नका, सोपा दिसला तर घ्या.

सरावाबद्दल. दिवसभर टायमर लावून सॉल्व्ह करत राहिलात तर जुन्याच सवयी फास्ट होतात, मी दोन महिने हेच केलं आणि ॲव्हरेज जागचा हलला नाही. टायमर बंद करा. एक स्क्रॅम्बल घ्या आणि त्याचा पहिला ब्लॉक पाच वेगवेगळ्या प्रकारे करा, दर वेळी मूव्ह मोजा. मग सीएसटायमर या क्यूबिंगच्या टायमरमधल्या सॉल्व्हर टूलवर त्याच स्क्रॅम्बलचं छोटं सोल्युशन बघा आणि ते नुसतं बघून सोडू नका, तिसऱ्या मूव्हला कुठली जोडी बनली, कुठला पीस मुद्दाम सुटा ठेवला, हे शोधा. कुठलाही स्क्रॅम्बल जास्तीत जास्त 20 मूव्हमध्ये सुटतो हे 2010 मध्ये सिद्ध झालंय, आपण 50 च्या आसपास घेतो, म्हणजे शोधायला जागा भरपूर आहे. रोज असे तीन-चार स्क्रॅम्बल पुरतात. त्यानंतर टायमर लावाल तेव्हा मुद्दाम हळू फिरवा, इतकं हळू की दुसऱ्या ब्लॉकमध्ये हात एकदाही थांबणार नाही. 48 मूव्ह 12 सेकंदांत म्हणजे सेकंदाला फक्त 4, हा वेग तुमच्या हातात बहुतेक आत्ताच आहे, मधले पॉज तेवढे काढायचे राहिलेत.