आजी घरातून गेल्यावर: शोध चालवा, आणि चर्चेलाही कामाला लावा

सत्तरी-ऐंशीतली बाई घरातून दिसेनाशी झाली की तासाभरात दोन गोष्टी सुरू होतात, शोध आणि चर्चा. शोधाला माणसं कमी पडतात. चर्चेला कधीच पडत नाहीत. "सुनेशी वाजलं होतं म्हणे", "सातबाऱ्याची भानगड आहे", "कालच एक अनोळखी गाडी फिरत होती". ही चर्चा बंद पाडायच्या नादी घरच्यांनी लागू नये. ती बंद होत नाही. शिवाय त्याच घोळक्यात एखादा असा असतो, ज्याने आजींना सकाळी साडेसहाला पाणंदीने जाताना खरंच पाहिलेलं असतं, आणि त्याला गप्प करून चालणार नाही. म्हणून कोणी काहीही तर्क केला की एवढंच विचारायचं: मग बघायचं नेमकं कुठे, गोष्ट किती वाजताची, आणि बघून कोण येणार? तिन्हींची उत्तरं मिळाली तर तो तर्क वहीत. बाकीचे चहाबरोबर जाऊ द्या.

पहिला तास

पंधरा मिनिटं घर आणि आवार. कॉटखाली, न्हाणीघरात, माळ्यावर, गच्चीत, टाकीपाशी, गोठ्यात, उभ्या गाड्यांत, शेजारच्या रिकाम्या खोलीत. एकच जागा दोघांनी वेगवेगळी बघा, कारण घरचा माणूस "तिथे त्या जातच नाहीत" म्हणून अर्ध्या जागा मनातच वगळतो. पंधरा मिनिटांत सापडल्या नाहीत तर ११२ लावा आणि एकाने पोलीस ठाण्यात जा. चोवीस तास थांबायचा कुठलाही नियम नाही. मिसिंगची नोंद लगेच होते. मिसिंग रजिस्टरचा नंबर आणि तपास अंमलदाराचं नाव लिहून घ्या. दवाखान्यात, डेपोत, फुटेज मागताना हाच नंबर दाखवावा लागतो. घातपाताचा संशय असेल तर तो चौकात नको, ठाण्यात कारणासकट लेखी द्या. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही.

नोंद करताना एक गोष्ट बहुतेकांकडून राहते: माहेरचं नाव. आपल्याकडे कित्येक आजींचं लग्नात नाव बदललेलं असतं. स्मरणशक्ती ढासळायला लागली की अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं टिकतं. दवाखान्यात किंवा स्टँडवर नाव विचारलं तर त्या माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं गाव सांगू शकतात, आणि तिथल्या रजिस्टरला तेच चढतं. तुम्ही सासरच्या नावाने चौकशी करता, पलीकडून "अशी कोणी नाही" असं उत्तर येतं, आणि दोन्ही बाजू खरं बोलत असतात. तक्रारीत दोन्ही नावं लिहा. शोधायला जाणाऱ्यांनाही दोन्ही नावांनी हाका मारायला सांगा.

वही

एक शंभर पानी वही, एक लिहिणारा. तो शक्यतो घरातला नको. शेजारी, शाळामास्तर, सोसायटीचा सेक्रेटरी चालेल. प्रत्येक खबरीला वेळ, सांगणारा, आणि तीनपैकी एक शिक्का: पाहिलं, ऐकलं, वाटतं. नोंद अशी दिसायला हवी:

"९.४०. दूधवाला. पाहिलं. आजी मारुतीच्या पाराजवळ, हातात कापडी पिशवी, स्टँडच्या दिशेने. वेळ: रतीब घालून परतताना, म्हणजे ६.२० ते ६.३५. तपासायला: पाराशेजारच्या मेडिकलचा कॅमेरा. गेलं कोण: धाकटा पुतण्या, ९.४५."

"सहा वाजता पाहिलं" असं कोणी म्हणालं तर त्यावर थांबू नका. माणूस वेळ गोल करून सांगतो. त्या वेळी तो स्वतः काय करत होता ते विचारा. नळ आला होता का, शाळेची बस गेली होती का, काकड आरती संपली होती का. त्यावरून खरी वेळ काढता येते. आणि "तुम्ही हिरव्या साडीतल्या आजी पाहिल्या का?" असं कधीही विचारू नका. "सकाळपासून या रस्त्याने कोण कोण गेलं?" असं विचारा. साडीचा रंग आधी सांगितला की गावात दिसलेली प्रत्येक साडी हिरवी होते.

ग्रुपवरचा मेसेज

एकच मेसेज, एकाच माणसाकडून. त्यात तारीख आणि वेळ सगळ्यात वर. नमुना:

"दि. __, सकाळी १०.१५ ची माहिती. आजी, वय ७८, उंची सुमारे पाच फूट, सावळ्या, बारीक अंगकाठी. हिरवी नऊवारी, पायात निळी स्लीपर. डाव्या हाताच्या मनगटावर गोंदण. ऐकू कमी येतं, विसरतात. सकाळी ६.३० च्या सुमारास मारुतीच्या पाराजवळ दिसल्या. दिसल्या तर जवळ बसवून ठेवा, पाणी द्या आणि फोन करा: (पोलीस ठाणे) (घरचा एक नंबर). पुढची माहिती दुपारी १ वाजता."

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. पुढची बातमी कधी येणार हे कळलं की लोक मधली जागा स्वतःच्या कल्पनांनी भरत नाहीत, निदान कमी भरतात. एक वाजता नवीन काही नसलं तरी "नवीन माहिती नाही, ऊस आणि नाला बघून झाला" असं टाका.

मेसेजमध्ये दागिने लिहू नका, आजार तपशीलवार लिहू नका, घरातल्या भांडणाचा उल्लेखही नको. आणि एक खूण मुद्दाम राखून ठेवा: पाठीवरचा डाग, करंगळीचं जुनं फ्रॅक्चर, पिशवीतली पोथी, काहीही. ही खूण फक्त पोलिसांना आणि घरातल्या दोघांना ठाऊक असावी. कारण फोटो आणि नंबर फिरायला लागले की काही तासांत "आजी आमच्याकडे आहेत, अपघात झालाय, उपचाराला आधी पाच हजार पाठवा" असे फोन येऊ शकतात. राखलेली खूण विचारा, व्हिडिओ कॉल मागा, आणि फोन चालू असतानाच दुसऱ्या फोनवरून पोलिसांना कळवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन).

नेहमीचे तर्क आणि त्यांची तपासणी

"कालपर्यंत अगदी व्यवस्थित होत्या, म्हणजे कोणीतरी नेलंच असणार." हे होऊ शकतं, पण पहिल्यांदा हे धरून चालू नका. म्हाताऱ्या माणसात रक्तातलं सोडियम घसरलं, लघवीचा संसर्ग झाला, साखर उतरली किंवा नवीन गोळी सुरू झाली तर काही तासांत भ्रम होऊ शकतो. काल हिशोब सांगणारी बाई आज स्वतःचं घर ओळखत नाही. चार दिवसांत औषध बदललं का, जेवण कमी झालं का, रात्री झोप लागली का, हे डॉक्टरांना आणि पोलिसांना सांगा.

"हातात पैसा नव्हता, लांब जाणार कशा?" २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना राज्याच्या हद्दीत एसटीचा प्रवास फुकट आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट. आधार कार्ड कमरेच्या पिशवीत असेल तर एक रुपया नसतानाही आजी सकाळच्या गाडीने शंभर किलोमीटर जाऊ शकतात. म्हणून कार्ड घरात आहे का ते आधी बघा. नसेल तर स्टँडवरच्या कंट्रोलरला भेटा, दिसल्याच्या वेळेनंतर सुटलेल्या गाड्या लिहून घ्या आणि त्या वाहकांशी डेपोमार्फत बोला. पहिली चौकशी माहेरच्या दिशेच्या गाडीची. "मला घरी जायचंय" असं घरात बसूनच म्हणणाऱ्या आजी बहुधा याच दिशेला निघालेल्या असतात, मग माहेरी आता कोणी असो वा नसो. रेल्वे जवळ असेल तर रेल्वेची हेल्पलाइन १३९.

"एवढ्या हाका मारल्या, ओ दिली नाही, म्हणजे तिथे नाहीत." हा तर्क सगळ्यात घातक. स्मृतिभ्रंश झालेलं माणूस सहसा ओ देत नाही, मदतही मागत नाही. ते चालत राहतं आणि कुठे अडकलं की तिथेच बसून राहतं. कुंपण, घळ, झुडूप, उसाचा फड. त्यामुळे हाकेच्या अंतरावरून गेलेली जागा "बघून झाली" म्हणून वहीत चढवू नका, डोळ्यांनी पाहिलेलीच चढवा. ऊस असेल तर बांधावरून डोकावून काहीच दिसत नाही. दोन-तीन सऱ्यांना एक माणूस, सगळे एका ओळीत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. दर शंभर पावलांना सगळ्यांनी थांबून पूर्ण शांत उभं राहायचं, कण्हण्याचा आवाज तेव्हाच ऐकू येतो. ट्रॅक्टर, कुत्री आणि मोबाइलवरची गाणी तेवढ्यापुरती बाजूला ठेवा. विहिरी आणि शेततळी पोलीस पाटलाला बरोबर घेऊन बघा. काठावर चप्पल दिसली तर ती उचलू नका, फोटो काढा.

"सुनेनेच काहीतरी केलं." हा तर्क गावात पहिल्या दिवशीच निघतो, आणि त्यात कुठे बघायचं याचं उत्तर नसतं. त्याचा हमखास परिणाम मात्र होतो: आजी काय खातात, कुठे बसतात, कशाने घाबरतात हे सगळ्यात जास्त ज्या बाईला माहीत असतं, तीच बोलायची थांबते. ज्यांना खरंच काही माहीत आहे त्यांनी तपास अंमलदाराला सांगावं. मुलांनी मुद्दाम सोडून दिल्याची माहिती असेल तर तो २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २४ खाली गुन्हा आहे. त्याला तक्रार लागते, ग्रुपवरचं बोलणं उपयोगाचं नाही. नाव घेऊन लिहिलं तर उलट बदनामीचा दावा लिहिणाऱ्यावर येऊ शकतो.

"टोळी आली आहे." इथे ग्रुपच्या ॲडमिनने हातावर हात ठेवून बसू नये, मेसेज त्याच मिनिटाला काढावा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवांच्या वातावरणात जमावाकडून मारले गेले. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, पण पाच गुणिले पाच करत गाव व्हायला वेळ लागत नाही. खरोखर संशयित गाडी दिसली असेल तर नंबर, वेळ, दिशा ११२ ला. ग्रुपवर नाही, आणि गाडी अडवायचीही नाही.

देवऋषी "उत्तरेला, पाण्याजवळ" म्हणेल. पाण्याजवळ तुम्ही बघणारच आहात. त्याने शेजारणीची करणी म्हणून कोणाचं नाव घेतलं तर मात्र २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो, हे त्याला तिथेच ऐकवा.

फुटेज

सगळ्यात जास्त अफवा कॅमेऱ्यातूनच निघतात. डीव्हीआरचं (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ पुष्कळदा चुकीचं असतं. म्हणून आधी डीव्हीआरचा स्क्रीन आणि तुमच्या मोबाइलचं घड्याळ एकाच फोटोत घ्या आणि फरक वहीत लिहा. तो बावीस मिनिटं मागे असेल तर "५.५८ ला दिसल्या" म्हणजे ६.२०, आणि दूधवाल्याचं म्हणणं जुळतं. ही एक बेरीज चुकली की "दूधवाला खोटं बोलतोय" अशी नवी गोष्ट तयार. हार्ड डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. छोट्या दुकानात आठवड्याभरातही. त्यामुळे पहिल्याच दिवशी प्रत करून घ्या.

ओळख पटवताना दोन-तीन क्लिप दाखवा, त्यात आजींसारख्याच दुसऱ्या बाईचीही एक असू द्या, आणि काही न सुचवता विचारा. चेहरा पुष्कळदा दिसतच नाही. चाल, पिशवी धरायचा हात, पदर सावरायची सवय यांवरून घरचा माणूस सांगतो. क्लिप ग्रुपवर टाकू नका. मागून चाललेला कामगार "पाठलाग करणारा" व्हायला अर्धा तास पुरतो.

दवाखाने आणि शवागार

"अमुक नावाच्या आल्या का" असं विचारू नका. "काल सकाळपासून अनोळखी स्त्री, अंदाजे साठ ते नव्वद, कॅज्युअल्टीला नोंद आहे का?" असं विचारा. ड्युटीवरच्या माणसाने लावलेला वयाचा अंदाज बराच चुकतो. सरकारी रुग्णालयातल्या पोलीस चौकीत वेगळं विचारा. प्रत्येक पाळीला पुन्हा विचारा. सकाळचं "नाही" रात्री खरं असेलच असं नाही. निवारा केंद्रं आणि वृद्धाश्रमांसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन. अनोळखी मृतदेहांची चौकशी जवळच्या नातेवाइकाने एकट्याने करू नये. बरोबर असा एक जण हवा जो आधी आत जाऊन बघेल.

सापडल्यावर

आजी सापडल्या की पहिला फोन पोलिसांना, दुसरा डॉक्टरला. लगेच पोटभर जेवू घालू नका. घोट घोट पाणी, आणि दवाखाना. "कुठे गेला होता?" हा प्रश्न त्या दिवशी नको. मग जुना मेसेज सगळ्या ग्रुपवरून काढायला सांगा आणि नवा टाका: "दि. __, सायं. ५.५०. आजी सुखरूप घरी. आधीचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका." फोटो याच मेसेजला जोडा, म्हणजे जुना कुठे फिरताना दिसला तर लोकांना लगेच कळेल. चिकटवलेली पत्रकं स्टँडवरून, मेडिकलवरून, रिक्षांच्या मागून काढून आणा. ती राहिली तर पुढच्या आषाढीतही कोणीतरी त्या नंबरवर फोन करतं. आणि वहीत शेवटची ओळ लिहा, आजी नेमक्या कुठे सापडल्या. स्मृतिभ्रंश असेल तर त्या पुन्हा निघण्याची शक्यता असते, आणि पुढच्या वेळी शोध त्याच जागेपासून सुरू करायचा.