अंबाझरीचा नकाशा आणि संपलेलं लायसन्स : जीआयएस शिकायला येणाऱ्यांसाठी

एम. ए. भूगोलाच्या शेवटच्या सत्रात मी जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करून त्यांतली माहिती तपासण्याचं तंत्र, वापरून नागपूरच्या अंबाझरी तलावावर प्रकल्प घेतला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, त्यात आमच्या मावशीचं घरही होतं. त्यामुळे विषय शोधावा लागला नाही.

लॅबमध्ये जीआयएसचं विकतचं सॉफ्टवेअर सहा संगणकांवर होतं. तीन महिने मी तिथेच बसून काम केलं. ऐन फेब्रुवारीत लायसन्सची मुदत संपली आणि नव्याची फाइल कुठल्याशा टेबलावर अडकली. लॅबचे भाऊ रोज सांगायचे, "ताई, वरूनच येऊन नाही राह्यलं, मी काय करू?" माझी प्रोजेक्ट फाइल त्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नव्हती. रंग, खुणा, मांडणी, सगळं त्यात कोंडलेलं.

वाचले ते मूळ थर, म्हणजे तलाव, रस्ते असे नकाशाचे एकेक पदर, कारण ते शेपफाइल या स्वरूपात साठवलेले होते. हे स्वरूपसुद्धा एका खाजगी कंपनीचंच. पण तिने १९९८ मध्ये त्याची रचना जाहीर केली, म्हणून आज कुठलंही सॉफ्टवेअर ते वाचतं. मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर टाकलं आणि अकरा दिवसांत नकाशा पुन्हा उभा केला. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, म्हणजे ते कुणीही वापरावं, वाटावं, बदलावं. फुकट मिळतं हा त्याचा लहान फायदा. मैत्रिणीला कॉपी देताना चोरी होत नाही आणि कॉलेज सुटल्यावरही आपलं काम आपल्या हातात राहतं, हे माझ्या लेखी मोठं.

उपग्रहचित्रांचंही तसंच. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं २००८ पासून मोफत आहेत. त्याआधी एकेका चित्राला शेकडो डॉलर मोजावे लागत. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रंही मोफत, तीही १० मीटर तपशिलाची, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटरचा. त्यातले हिरवा आणि जवळचा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) हे प्रकाशाचे दोन पट्टे घेतले की पाणी कुठे आहे ते दाखवणारा निर्देशांक काढता येतो. मात्र पावसाळ्यात ढग आडवे येतात. तेव्हा ढगांतून पाहणारी सेंटिनेल-१ ची रडार चित्रं घ्या. मी हे उशिरा शिकले आणि दोन आठवडे ढगच पाहत बसले.

आता नागपूरकरांनी जपायची एक गोष्ट. गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायला यूटीएम ही पद्धत जगाचे उभे पट्टे पाडते, आणि पुण्या-मुंबईचे धडे पाहून बरेच जण तिचा ४३ वा पट्टा निवडतात. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला ४४ वा पट्टा लागतो आणि नागपूर ७९ च्याही थोडं पूर्वेला आहे. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये त्या पट्ट्याचा क्रमांक, ईपीएसजी ३२६४४, घ्या. अमरावती शहर मात्र ४३ मध्ये येतं, तेव्हा दोन्ही जिल्हे एकत्र घेताना आधीच ठरवून टाका.

शेपफाइल पाठवताना एकटी एसएचपी फाइल पाठवू नका, सोबतच्या एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजेही लागतात. तिच्यात रकान्याचं नाव दहा अक्षरांपुढे जात नाही. नवं काम जिओपॅकेज या एकाच फाइलच्या खुल्या स्वरूपात ठेवलंत तर ही कटकटच उरत नाही. गावांची नावं युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली एक यादी मला मिळाली होती, ती माझ्या संगणकावर निव्वळ चिन्हांची रांग दिसली आणि दोनशेवर नावं हाताने लिहावी लागली. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाचे रस्ते वापरलेत तर नकाशावर त्यांचं श्रेय छापा, ती परवान्याची अट आहे.

शिकायला पैसे लागत नाहीत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर क्यूजीआयएसचे धडे आहेत, देहरादूनची आयआयआरएस ही सुदूर संवेदनाची (उपग्रहांवरून माहिती घेण्याची) संस्था ऑनलाइन मोफत कोर्स घेते.

विकतचं शिकूच नका, असं मी म्हणणार नाही. नोकरीच्या जाहिरातींत त्याची नावं असतात, आणि लॅबमध्ये मिळतंय तोवर हात बसवून घ्या. थर, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणणं), बफर (एखाद्या जागेभोवती ठरावीक अंतराचा पट्टा) या कल्पना एकदा पक्क्या झाल्या की बटणांची जागा आठवड्यात सापडते. आपल्याच शहरात महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्र आहे, मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय ब्युरो आहे, पर्यावरण संशोधनाची नीरी आहे. म्हणजे या विषयाचं काम घराजवळ आहे.

गेल्या जूनमध्ये एका ज्युनियरने माझी अंबाझरीची फाइल मागितली. पेनड्राइव्हवर दिली, तिने संध्याकाळी घरी उघडली आणि त्यात नागनदीचा थर घालून मला परत पाठवली.