पीएमईजीपीचा अर्ज: आधी जागा बघा

पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम: नवा उद्योग काढायला बँकेच्या कर्जासोबत सरकारी अनुदान. उमेदवाराला पहिला प्रश्न जागेचा विचारा. खुल्या प्रवर्गाला शहरात प्रकल्प खर्चाच्या 15 टक्के अनुदान, ग्रामीण भागात 25. विशेष प्रवर्गाला (महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे) 25 आणि 35. खुल्या प्रवर्गातल्याने 20 लाखांची मसाला गिरणी नागपूर महापालिका हद्दीत टाकली तर 3 लाख, हद्दीबाहेर ग्रामपंचायतीत टाकली तर 5. तेवढ्यासाठी ग्रामीण भागाचा दाखला काढणं परवडतं.

प्रकल्प खर्चाची मर्यादा उत्पादनाला 50 लाख, सेवेला 20. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरू नका, हमखास चूक होते ती इथेच. आधीच चालू असलेल्या धंद्याला या योजनेतलं पहिलं कर्ज मिळत नाही.

आणि अनुदान हातात पडत नाही, हे आधीच सांगून टाका: बँकेत 3 वर्षं बिनव्याजी ठेव म्हणून राहतं, मग कर्जाच्या रकमेतून वजा होतं.