पाइपलाइनचा चर बुजवण्याआधी त्यात एक तार सोडा

गहू-हरभरा निघाला, खोडवा मोडला आणि रान मोकळे झाले की एप्रिल-मेमध्ये गावोगाव पाइपलाइनचे चर खोदायला जेसीबी लागतात. रोहिण्या निघायच्या आत चर बुजवून रान तयार करायची सगळ्यांनाच घाई. त्या घाईत एक स्वस्त काम राहून जाते आणि नंतर ते करता येत नाही. लोखंडी पाइप शोधयंत्राला सापडतो. पीव्हीसी किंवा एचडीपीईचा प्लास्टिक पाइप एकदा मातीआड गेला की सापडत नाही. चार-पाच वर्षांत खुणेची बाभळ तोडली जाते, भावाभावांत वाटणी होते, बांध सरकतो. मग कुठे गळती लागली तर पाइप शोधायलाच दोन दिवस रान उकरत बसावे लागते. सबसॉयलर (खोल नांगरटीचे अवजार) किंवा शेजाऱ्याचा नवा चर पाइपात घुसतो तोही ऐन पाण्याच्या पाळीत.

म्हणून पाइपाच्या जोडीला तांब्याची एक सलग, इन्सुलेशन असलेली तार पुरावी. हिला ट्रेसर वायर म्हणतात. शोधयंत्राच्या ट्रान्समीटरची एक क्लिप या तारेला आणि दुसरी तारेपासून बाजूला, दूर ठोकलेल्या सळईला लावतात. तारेतून क्षीण सिग्नल जातो. वरून रिसीव्हर घेऊन चालणाऱ्याला पाइप कुठून गेला आहे आणि साधारण किती खोल आहे, हे कळते. यंत्र विकत घ्यायची गरज नाही. ऑप्टिकल फायबर केबलची कामे करणाऱ्या ठेकेदारांकडे ते असते, त्यांना बोलावता येते. बाजारातले स्वस्त केबल ट्रॅकर भिंतीतल्या किंवा उथळ तारेपुरते ठीक, तीन फूट खोलीला त्यांच्यावर विसंबू नका.

तार घेताना २.५ चौरस मिलिमीटरची, एकाच भरीव तारेची तांब्याची घ्यावी. सिग्नल १.५ च्या तारेतूनही जातो, पण चर बुजवताना दगड पडला की बारीक तार तुटते. बाहेरचे आवरण जाड एचडीपीईचे मिळाले तर उत्तम, कारण साध्या घरगुती वायरचे पीव्हीसी आवरण चरात ओढताना लवकर खरचटते. ॲल्युमिनियमची तार नको. आवरणाला टाचणीएवढे भोक पडले तरी ओल्या जमिनीत ती तिथेच गंजून तुटते. जळालेल्या मोटारीतून निघालेली वाइंडिंगची जुनी तार फुकट मिळते म्हणून टाकू नका, तिचे आवरण आधीच भाजलेले असते. रंग लाल नको, खोदणाऱ्याला विजेची केबल वाटते. हिरवाही टाळा, तो अर्थिंगचा. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या वाहिन्यांना निळा आणि सिंचनाच्या वाहिन्यांना जांभळा रंग ठरलेला आहे. आपल्याकडे निळी तार सहज मिळते, तीच घ्या.

पाइप आधी पुरेसा खोल हवा. दुसऱ्याच्या रानातून तहसीलदारांच्या परवानगीने पाइप न्यायचा तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ मध्ये किमान अर्धा मीटर खोलीची अट आहे. पण अर्धा मीटर म्हणजे जेमतेम पावणेदोन फूट, सबसॉयलरचा फाळ तिथवर पोचतो. मेन लाइन अडीच ते तीन फूट खोल घ्याच. तार पाइपाला गुंडाळायची नाही. पाइपाच्या एका कुशीला सरळ सोडायची आणि आठ-दहा फुटांवर चिकटपट्टीने धरायची. ती ताणून मात्र बसवू नका. भारी काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात माती फुगते, आणि ताणलेली तार दोन-तीन हंगामांत जोडातून निसटते. मोटारीची केबल त्याच चरातून जात असेल तर दोघींत किमान फूटभर अंतर ठेवा, नाहीतर सिग्नल केबलीत शिरतो आणि खूण चुकते.

खरी काळजी घ्यायची ती जोडाची. नुसता पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेला जोड फार काळ टिकत नाही. सबमर्सिबल पंपाच्या केबलचा जोड जसा करतात तसाच करा: तारा घासून, पीळ देऊन झाळणे, त्यावर रबर टेप, त्यावर पीव्हीसी टेप, किंवा आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी. जिथे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून सबमेन, म्हणजे फाट्याची वाहिनी, निघते तिथे तिची तारही मुख्य तारेला अशीच जोडली पाहिजे, नाहीतर ती शाखा यंत्राला दिसतच नाही.

तारेचे एक टोक विहिरीजवळच्या आणि मधले वळसे एअर व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये दोन-तीन फूट जास्त ठेवून वर आणा. अगदी शेवटचे टोक तांब्याचा मुलामा दिलेल्या, तीन-चार फूट लांबीच्या सळईला जोडून जमिनीत ठोका. हे टोक मोकळे राहिले तर सिग्नल पुढे पुढे विरत जातो. मोटारीच्या अर्थिंगला किंवा स्टार्टरच्या पेटीला ही तार कधीही जोडू नका. मोटारीत बिघाड झाला तर चेंबरमधल्या उघड्या टोकाला हात लावणाऱ्याला झटका बसेल.

चर बुजवण्याआधी आणि बुजवल्यानंतरही तपासणी करा. दूरची सळई सोडवून ते टोक जमिनीवरून आणलेल्या मोकळ्या वायरला जोडा आणि अलीकडच्या बाजूला तार आणि ती वायर यांच्या टोकांना मल्टिमीटर लावा. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण साडेसात ओहम असतो. ५०० मीटरला पावणेचारच्या आसपास, त्यात जमिनीवरून आणलेल्या वायरचा रोध मिळवा. फारच जास्त दाखवले तर जोड कच्चा आहे. आवरण कापले गेले आहे का, हे पाहायला मोटार वाइंडिंगवाल्याचा मेगर (आवरणाचा रोध मोजणारे यंत्र) चालतो: दूरचे टोक मोकळे ठेवून तार आणि जमीन यांच्यात मोजायचे. चर थोडा भिजवून मोजले तर दोष लगेच उघड होतो. आधी बारीक माती वीतभर टाका, मगच जेसीबीने दगडगोट्यांची माती ढकला.

रस्ता ओलांडून पाइप न्यायचा असेल तर खोदण्याआधी कॉल बिफोर यू डिग या सरकारी ॲपवर नोंद करा. मार्च २०२३ पासून ते सुरू आहे. रस्त्याकडेला फायबरच्या आणि पाणीपुरवठ्याच्या लाइनी दाट झाल्या आहेत.

चर उघडा असतानाच प्रत्येक वळण, टी आणि जोड यांचे फोटो काढा. विहिरीच्या कठड्यापासून आणि पक्क्या बांधापासूनची अंतरे टेपने मोजून नकाशा काढा. त्याची एक प्रत सात-बाराच्या फायलीत ठेवा आणि ज्याच्या रानातून पाइप गेला त्यालाही एक द्या.